कुदळ नाही

इगर्जीमागच्या रेवट जमिनीत
छप्पन्न खड्डे मी खणलेत.
वहीत माझं नाव इनास.
पाद्रींनी पाण्यानं दिलं, शाईनं लिहिलं.
घरात मी धोंडू.
माझ्याआधीचे जुझे, लुविस आणि एक बिननावाचा
आठवडाभरात गेले, तिघेही,
म्हणून आयेनं मला उंबऱ्याबाहेर ठेवलं
आणि मिठागरातल्या पार्वतीकडून
पसाभर मिठाला परत विकत घेतलं.
मग नाव दिलं, मरणाला वाकून
उचलावंसं वाटू नये असं.

त्या वर्षी रेडीच्या बंदरात
खनिजाचं एक जहाज अडकलं.
मालक बुडाला, जहाज तरंगत राहिलं.
पाच महिने खलाशी तांदूळ मोजत होते.
त्यातला एक दर आयताराला शिरोड्यापर्यंत चालत यायचा,
शेवटच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट,
आमच्या कोकणी गाण्याला नुसते ओठ हलवायचा.
मिसानंतर मी भिंतीच्या सावलीत विडी ओढत असे.
नाव विचारलं. पीटर म्हणाला.
मी म्हटलं, ता देवळातला. घरातला काय?
कसं कळलं त्याला, कोण जाणे.
हसला. म्हणाला, कोसोको.

म्हणजे?
त्यानं इकडेतिकडे बघितलं,
भिंतीला टेकलेली माझी कुदळ दिसली.
तिच्याकडे बोट केलं,
मग दोन्ही तळवे उघडून हलवले.
ही नाही.
कुदळ नाही.

मोडक्या हिंदीत, बोटांनी, वाळूत रेघा ओढून
त्यानं उरलेलं सांगितलं:
त्याच्या आईचीही आधीची गेली होती.
मग आलेल्याला कानात सांगायचं,
घरात कुदळच नाही बाबा,
तुला पुरायचं कशानं? तेव्हा राहा.
आणि त्यांच्याकडे म्हातारे म्हणतात,
आधी घराकडे बघावं, मग पोराला नाव द्यावं.

मी काही बोललो नाही. कुदळ माझीच होती.
शेवटी एक धोंडा उचलून
आधी त्याच्यावर बोट टेकलं, मग माझ्या छातीवर.
त्यानं तो धोंडा हातात तोलला
आणि खिशात घालून घेऊन गेला.
सप्टेंबरात जहाज ओढून नेलं.

आता पास्कीनचं सांगतो. माझी लेक.
तिच्यासाठी दोन खड्डे खणले मी,
कोपरापासून बोटांपर्यंत, एवढेच लांब.
ते छप्पन्नात धरलेले नाहीत.

तिसऱ्या वेळी मुलगी झाली.
बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री झोप नाही.
पास्कीन अंधारात म्हणाली, पाय, काय नाव ठेवूया?
मी घराकडे बघितलं.
चूल, खुरीस, वाळत घातलेले दुपटे,
आणि दाराआड ती.

दोन हजारांची कुदळ समुद्रात फेकायला
मी काही श्रीमंत नाही.
पहाटे पार्वतीच्या नातवाकडे गेलो,
म्हटलं, बांध घालूक घे.
पैसे नको. पसाभर मीठ दे.

पाद्रींनी विचारलं, ह्या बाळासाठी काय नाव मागता?
पास्कीन म्हणाली, मारिया.
वहीत मारिया आहे,
आणि देव त्या नावानं तिला ओळखतो
यावर माझा विश्वास आहे, चेष्टा नाही.
घरात ती कोसू.
शेजाऱ्यांना वाटतं कोंसेसांवचं लाडकं रूप असेल.
वाटू दे.

परवा आग्नेलबाब गेले. नव्वदीचे, पिकलेले.
त्यांचा झील दारात आला:
इनास, कुदळ घेवन ये.
कोसू माझ्या पायाला धरून उभी होती,
नुकतीच उभी राहायला शिकलीय.
मिठागरातून मागून आणली असती, आणलीही नंतर,
पण आधी मी उंबऱ्यावर थांबलो
आणि मोठ्यानं म्हणालो,
जरा जास्तच मोठ्यानं,
रस्त्यावरून कुणी जात असेल तर त्यालाही ऐकू जावं म्हणून:

आमच्या घरात कुदळ नाय.